तणताईच्या अठ्ठेचाळीस कुंड्या

ज्या गवताला बाकी सगळे मुळासकट उपटून फेकतात, त्याला मोजून पाणी घालायचं, त्याला ऊन जास्त होतंय का ते बघायचं, पानावर मावा दिसला तर ओल्या कापसानं टिपून घ्यायचा, हे काम ती तेवीस वर्षं करत होती. शेती संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला जे लांबलचक काचघर होतं, ते तिचं राज्य. हजेरीपटावर तिचं रीतसर नाव होतं, पण त्या नावानं हाक मारणारं संस्थेत कुणी उरलं नव्हतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांची ती तणताई. तिची जाऊ दर भेटीत विचारायची, "अजून गवतच वाढवतेस का गं?" त्यावर तणताईचं उत्तर ठरलेलं होतं : "वाढवते तर! आणि माझ्या हातचं काही केल्या मरत नाही."

हे उत्तर नुसती थट्टा नव्हती. न मरणारं तण हाच तर संस्थेतल्या तिच्या मॅडमचा विषय होता.

मॅडम वयानं तिच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. बारीक चणीची, भरभर बोलणारी, आणि चूक झाली की आधी स्वतःचाच कान पकडणारी बाई. गव्हाच्या शेतात गव्हासारखंच दिसणारं एक गवत उगवतं. त्याच्यावर शेतकरी वर्षानुवर्षं एकच तणनाशक मारत आले, आणि काही शेतांतलं गवत त्या फवाऱ्याला जुमानेनासं झालं. आठवडाभर पिवळं पडल्याचं सोंग करायचं आणि पुन्हा टवटवीत. हे गवत औषध पचवतं कसं, फवारा अंगावर पडल्यावर त्याच्या पेशींत नेमकी कुठली जनुकं कामाला लागतात, हे मॅडमना शोधायचं होतं.

तणताईचा नवरा सुतार होता. त्यानं एकदा विचारलं, "जनुकं तर बीमध्येच असतात ना? मग ती फवारल्यावर कुठून येतात?"

"असतात सगळी आधीपासूनच," तणताई म्हणाली. "तुमच्या कारखान्यात भिंतीवर कशी सगळी हत्यारं टांगलेली असतात? पण रंधा खाली काढलाय की पटाशी, ते बघितलं की आज काय काम चाललंय ते कळतं. आम्ही तेच बघतो. फवारल्यावर गवतानं कुठलं हत्यार खाली काढलं, आणि किती."

"मग एवढं यंत्र कशाला पाहिजे? मला नुसतं दारातनं डोकावलं तरी कळतं."

"गवताच्या घरात तुम्हाला डोकावता येत असेल तर उद्यापासून तुम्हीच या," ती म्हणाली, आणि विषय संपला.

त्या वर्षीच्या प्रयोगात अठ्ठेचाळीस कुंड्या होत्या. चोवीस कुंड्यांत साधं गवत, म्हणजे ज्या जागेवर कधी औषध पडलंच नाही तिथलं. चोवीस कुंड्यांत चिवट गवत. दोन्हींपैकी बारा-बारांवर औषध फवारायचं, बारा-बारांवर नुसतं पाणी. मग बरोबर चोवीस तासांनी प्रत्येक रोपाचं पान कापायचं, चांदीच्या कागदाच्या पुडीत घालायचं आणि पुडी तत्काळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायची, म्हणजे पान होतं तसं त्याच क्षणी गोठून जातं. पुड्यांवर कुंडीचा नंबर आदल्या दिवशीच लिहून ठेवलेला असतो. पुढचं सगळं त्या नंबरावर. एकदा पानाची पूड झाली की औषध मारलेलं पान आणि पाणी मारलेलं पान डोळ्यांना सारखंच हिरवं.

कापणीच्या दिवशी साध्या गवताच्या चोवीस पुड्या नीट झाल्या. चिवट गवताच्या कुंड्या टेबलावर मांडून ती कात्री उचलणार तोच इमारतीतली आगीची घंटा वाजायला लागली. आग नव्हतीच, तालीम होती. पण तालीम असली तरी सगळ्यांनी बाहेर जायचं असा नियम. वीस मिनिटं सगळे आवारात उभे राहिले. परत आली तेव्हा उघड्या दारातून आलेल्या वाऱ्यानं टेबलावरच्या रिकाम्या पुड्या खाली उडाल्या होत्या. तिनं त्या भराभर गोळा केल्या, लावल्या, आणि पानं कापायला घेतली. वहीत लिहिलं : वीस मिनिटं उशीर, घंटा.

दीड महिन्यानं निकाल आले. मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. तिथे विभागाचे साहेब आधीच बसले होते. साहेब उंच, सुटाबुटातले, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं सुरू करणारे.

मॅडमनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "ताई, साध्या रोपांचे आकडे बरोबर आहेत. पण चिवट रोपांत गडबड दिसतेय. औषध पचवणारी जी जनुकं आहेत ना, ती फवारलेल्या रोपांत जोरात चालू आहेत. ते ठीकच आहे. पण पाणी मारलेल्या रोपांतही ती तेवढीच चालू आहेत. फरकच नाही."

"त्यांना औषध लागलेलं नसताना," साहेब म्हणाले, "ती चालू असायचं कारणच काय? सरळ आहे. पुड्यांची सरमिसळ झालीय. सहा इकडच्या तिकडे, सहा तिकडच्या इकडे. मग दोन्हीकडे सारखंच दिसणार. त्या दिवशी पुड्या कुणी भरल्या?"

"मी," तणताई म्हणाली.

"नंबर बघून भरल्या होत्या?"

नेहमीची तणताई असती तर तिथल्या तिथे म्हणाली असती, साहेब, तेवीस वर्षांत एक पुडी चुकली असेल तर दाखवा. पण आज तिला वाऱ्यानं उडालेल्या पुड्या आठवत होत्या. त्या उचलल्याचं आठवत होतं. त्यानंतरचं काहीच आठवत नव्हतं. एका एका कुंडीवर बोट ठेवून नंबर मोठ्यानं वाचायची तिची सवय होती, पण त्या दिवशी वाचला होता का?

"आठवत नाही," ती म्हणाली.

साहेबांनी मॅडमकडे असं पाहिलं, की झालं, मिटला प्रश्न.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण संस्थेत ती कुणालाच ठाऊक नव्हती. तणताईच्या आईची शेवटची सहा वर्षं विस्मृतीत गेली. सुरुवात अशीच बारीकसारीक होती. चावी हातात आणि शोध घरभर. मग शेजारणीचं नाव. मग धाकट्या लेकीचं. शेवटी शेवटी ती तणताईला "ओ नर्सबाई" म्हणायची, आणि फार अदबीनं म्हणायची, तेच जास्त लागायचं. आई गेली तेव्हा तणताई अठ्ठेचाळीस वर्षांची होती. आता बावन्न. गेल्या दोन वर्षांत तिचंही असं व्हायला लागलं होतं. वरच्या मजल्यावर जायचं आणि कशाला आलो ते विसरायचं. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायचा. मैत्रिणी म्हणायच्या, अगं, आमचंही तेच होतं. पण मैत्रिणींच्या आयांना असं झालेलं नव्हतं. डॉक्टरकडे जायला तिचे पाय उचलत नव्हते. जोवर कुणी सांगत नाही तोवर ते नाही, असा तिनं स्वतःशीच करार केला होता.

त्यामुळे साहेबांचा प्रश्न तिला साहेबांनी विचारल्यासारखा वाटलाच नाही. ज्याची दोन वर्षं धास्ती होती ते आज दारात येऊन उभं राहिलंय, असं वाटलं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "चेहरा का उतरलाय?"

"प्रयोग फसला. माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे? ठरलं का असं?"

"ठरल्यातच जमा आहे."

तो तिच्या ताटात वाढत राहिला, आणि ती जेवत राहिली.

प्रकल्पाचा आढावा तीन आठवड्यांवर आला होता. साहेबांनी सांगितलं, चिवट रोपांचे आकडे गाळा आणि उरलेलं मांडा. उरलेलं म्हणजे ज्या गवताविषयी कुणालाच प्रश्न नव्हता ते. मॅडम दोन दिवस आकडे पुन्हा पुन्हा तपासत होत्या. तणताईला त्या एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत, उलट चहाला हाक मारली. पण काचघरात दुसऱ्या विभागातली एक मुलगी नंबर पडताळायला यायला लागली. तणताई पाणी घालायची आणि ती मुलगी मागून टिकमार्क करायची. कुणी वाईट बोललं असतं तर तणताई भांडली तरी असती. ही काळजीपूर्वक वागणूक मात्र तिच्या जिव्हारी लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बर्फपेटी साफ करत होती. उणे ऐंशी अंशांची ती पेटी उघडली की तोंडावर पांढरी वाफ येते आणि हातमोज्यांतूनही बोटं चावतात. अगदी खालच्या कप्प्यात तिचा एक डबा होता. त्यात पानांची उरलेली पूड असलेल्या नळ्या. काम झाल्यावर उरलेली पूड टाकून द्यायची असा नियम, पण तिच्यानं कधी टाकवत नसे. एवढं वाढवलेलं, एवढं कुटलेलं, टाकायचं कसं? साहेबांनी दोनदा दम दिला होता की ही पेटी म्हणजे तुमचं माळ्यावरचं सामान नव्हे.

डब्याचं झाकण तिनं उघडलं. चोवीस नळ्या. पंचवीस ते अठ्ठेचाळीस. तिच्याच अक्षरातले नंबर.

आणि ती तिथेच उभी राहिली, पेटीचं दार उघडं टाकून. पेटीचा धोक्याचा भोंगा बोंबलायला लागला तरी तिला ऐकू येईना. तिला काय आठवतंय ते आता महत्त्वाचं नव्हतं. त्या नळ्यांतल्या भुकटीत औषध आहे की नाही, ते महत्त्वाचं. पुड्या बदलल्या असतील, तर पाण्याच्या नळ्यांत औषध सापडेल. नसतील बदलल्या, तर नाही सापडणार. तिच्या आठवणीला विचारायचं कारणच उरत नव्हतं!

तिनं दार लावलं आणि जिने उतरून थेट थेंबकाकांकडे गेली.

थेंबकाका म्हणजे तळमजल्यावरचे रसायनतज्ज्ञ. पानात, पाण्यात, मातीत औषधाचा कण किती उरलाय ते शोधणारे. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. स्वभाव असा, की कुणी सुप्रभात म्हटलं तरी पुरावा मागतील.

"कसली नळी? कुणाची? फॉर्म कुठाय?" ते म्हणाले.

तणताईनं सगळं सांगितलं. घंटेचं, पुड्यांचं, साहेबांचं. आईचं मात्र नाही.

"चोवीस तासांत तुमच्या त्या चिवट गवतानं औषध बरंचसं फोडून टाकलं असेल," काका हनुवटी खाजवत म्हणाले.

"मग सापडणार नाही?" तिनं विचारलं.

"असं मी म्हटलं का? फोडलं तरी तुकडे कुठे जातील? आहे ते सापडेल, आणि तुकडेही सापडतील. पण एक अट. कुठली नळी कशाची ते मला सांगायचं नाही. तुमच्या मॅडमनीही सांगायचं नाही. मला फक्त नंबर द्या. यादी तुमच्याकडे ठेवा, बंद पाकिटात."

तिनं मॅडमच्या कानावर घातलं. मॅडमनी एक क्षण तिच्याकडे पाहिलं, मग फॉर्मवर सही ठोकली. "हे मला सुचायला हवं होतं, ताई," त्या म्हणाल्या.

काकांचं यंत्र चार दिवस दुसऱ्या कामात अडकलेलं होतं. ते चार दिवस तणताईनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. काचघरातल्या काचा पुसल्या. पुसलेल्या पुन्हा पुसल्या. घरी आली की कपाटातले डबे काढून त्यांवर चिठ्ठ्या लावायची. नवरा म्हणाला, "साखरेच्या डब्यावर साखर लिहिलंस ते ठीक, पण घड्याळावर घड्याळ लिहू नकोस." ती हसली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी काकांचा निरोप आला. मॅडमही बरोबर आल्या. काकांनी कागद हातात घेतला, तणताईनं पाकीट फोडून यादी समोर धरली.

"पंचवीस," काका वाचायला लागले, "आहे."

यादीत पंचवीसपुढे लिहिलेलं : औषध. तिनं टिकमार्क केला.

"सव्वीस, आहे. सत्तावीस, निरंक. अठ्ठावीस, निरंक. एकोणतीस, आहे..."

एकेक नंबर येत होता आणि यादीशी जुळत होता. तिसाच्या पुढे गेल्यावर मॅडमनी तणताईचा दंड धरला. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीसवर काका थांबले. कागद जवळ नेला. लांब नेला. तोंड वाकडं केलं. आणि काकांना सणसणीत शिंक आली.

"बेचाळीस," नाक पुसत ते म्हणाले, "निरंक."

अठ्ठेचाळीसपर्यंत सगळे जुळले. बारा आहे, बारा निरंक. एकही इकडचा तिकडे नाही.

"पाण्याच्या नळ्यांत औषधाचा मागमूस नाही," काका म्हणाले. "तुकडाही नाही. हे मी लिहून देतो. कुणाला शंका असेल तर त्यांना इकडे पाठवा. शक्यतो जेवणाआधी."

तणताई जवळच्या स्टुलावर बसली. चार दिवसांत, चार दिवस कशाला, दोन वर्षांत पहिल्यांदा तिला खोल श्वास घेता आला, आणि श्वासाबरोबर रडू आलं. थेंबकाकांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. त्यांनी तिच्यापुढे प्रयोगशाळेतलं टिपकागदाचं अख्खं पाकीट ठेवलं.

मॅडम मात्र खिडकीपाशी उभ्या राहून पुटपुटत होत्या. "म्हणजे पुड्या बरोबर. औषध नाही. आणि तरी जनुकं चालू." त्या गर्रकन वळल्या. "ताई! मग आकडे खरे आहेत!"

"म्हणजे?"

"म्हणजे हे गवत फवाऱ्याची वाटच बघत नाही. औषध येवो न येवो, ते आधीपासून तयारच असतं. ज्या रोपांची ही जनुकं सदासर्वकाळ चालू होती तीच वर्षानुवर्षं फवाऱ्यातून वाचली, त्यांचंच बी पडलं, त्यांचीच पोरं आपल्या कुंड्यांत आहेत. आपण विचारत होतो फवारल्यावर काय चालू होतं, आणि ते कधी बंदच होत नव्हतं!"

"आमच्या घरी कारखान्यात असाच प्रकार आहे," तणताई डोळे पुसत म्हणाली. "काम असो नसो, सगळी हत्यारं खालीच पडलेली."

मॅडम इतक्या हसल्या की काकांनी दार लावून घेतलं.

साहेबांना कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण आकडे गाळायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि आढाव्यात स्वतःच उठून सांगितलं की उरलेली पूड जपून ठेवली होती म्हणून हे सिद्ध करता आलं. बर्फपेटीच्या खालच्या कप्प्याला दुसऱ्या दिवसापासून रीतसर नंबर मिळाला. पडताळायला येणारी मुलगी आपल्या विभागात परत गेली. जाताना म्हणाली, "ताई, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं तुमचं चुकत नाही ते. तुम्ही नंबर मोठ्यानं वाचता. मला तर ते झोपेतही ऐकू येतात."

मॅडमनी सगळा प्रयोग नव्या बियांवर पुन्हा केला. या वेळी बंद खोलीत, जिथे तणनाशकाची बाटलीसुद्धा कधी आली नव्हती. दोन महिन्यांनी तेच उत्तर आलं.

पण त्याच्या आधी, काकांच्या निकालानंतरच्याच आठवड्यात, तणताईनं आणखी एक काम उरकलं. एका सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "मला डॉक्टरकडे जायचंय. विसरण्याचं दाखवायला."

तो बूट घालत होता. तसाच थांबला. "आज?"

"आजच. पुड्यांचं काय ते नळीला विचारलं, तसं हेही विचारून टाकते. नाही तर रोज स्वतःलाच विचारत बसायचं."

डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं. पाच शब्द सांगितले आणि पंधरा मिनिटांनी परत विचारले. शंभरातून सात सात वजा करायला लावले. घड्याळाचं चित्र काढायला लावलं. तणताईनं पाचही शब्द सांगितले, शेवटचा जरा अडखळत. रक्त तपासलं. आठवड्यानं अहवाल घेऊन पुन्हा बोलावलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमच्या आईला होतं त्यातलं मला काही दिसत नाही. झोप फार कमी आहे, थायरॉईड थोडा मंद आहे, आणि काळजी भरपूर आहे. गोळी देते. वर्षानं पुन्हा या. हे वर्ष मात्र काळजीत घालवू नका."

"वर्षानं नक्की येते," तणताई म्हणाली. वर्षभराची हमीही तिला पुष्कळ वाटली.

दोघं चालत परत निघाले. रस्त्याच्या कडेला दुकानं उघडत होती, एक माणूस दारापुढची फरशी धूत होता. मग नवरा म्हणाला, "एक सांगू? रागावू नकोस."

"सांगा."

"दोन वर्षं मी रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत होतो. तू कुलूप लावलंस का ते बघायला."

ती थांबली. म्हणजे त्यालाही तीच धास्ती होती, आणि त्यानंही ती तिच्यापासून लपवली होती. "मग?" तिनं हळूच विचारलं. "सापडलं कधी उघडं?"

"एकदा."

तिचा चेहरा पडायला लागला तसा तो घाईघाईनं म्हणाला, "अगं, त्या दिवशी कुलूप लावायचं माझ्याकडे होतं!"

भर रस्त्यात तणताई कंबरेवर हात ठेवून हसली. फरशी धुणारा माणूस पाण्याची नळी हातात धरून बघत राहिला. नवरा आधी ओशाळला, मग तोही हसायला लागला. तिनं त्याचा हात धरला, आणि दोघं पुढे चालू लागले. त्याला कारखाना उघडायचा होता आणि तिला काचघरात नवीन बी पेरायचं होतं, पण दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.